बॉब क्रॉम्प्टनच्या ४१ कॅप: शंभर वर्षांपूर्वीच्या बचावपटूची कारकीर्द कशी वाचायची?

कोपरा-झेंडा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा उजवा फुलबॅक बॉब क्रॉम्प्टन याच्यावर लेख लिहायला घेतला आहे. सांगाडा तयार आहे. जन्म २६ सप्टेंबर १८७९, ब्लॅकबर्न. मृत्यू १५ मार्च १९४१. १८९६ ते १९२० एकच क्लब, लीगचे ५३० सामने, १९११-१२ आणि १९१३-१४ ची लीग विजेतेपदं, इंग्लंडकडून ४१ सामने आणि त्यातले २२ कर्णधार म्हणून. गाडी पुढे जात नाही ती या चार ठिकाणी:

१) ४१ कॅपचा (कॅप म्हणजे देशाकडून खेळलेला अधिकृत सामना) विक्रम १९५२ पर्यंत टिकला म्हणतात. पण १९०२ ते १९१४ एवढ्या काळात फक्त ४१? शिवाय वर्षवार यादीत १९०५ पूर्ण कोरं आहे. दुखापत लिहू का?

२) माहितीचौकटीत जागा काय लिहायची? आजचा राइट बॅक टचलाइन धरून वर-खाली पळतो, तसं त्या काळी नव्हतं हे ठाऊक आहे. मग नक्की काय होतं?

३) २४ वर्षं एका क्लबात. 'क्लबनिष्ठेचं उदाहरण' असं वाक्य लिहिलंय. ठेवू की काढू?

४) ५३० मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातले सामने आहेत की नाहीत?

जाणकारांनी मदत करावी. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं एकाने द्यायला हवीत असं नाही.

---

हिशेबनीस

पहिला आणि चौथा प्रश्न घेतो.

४१ थोडे वाटतात कारण भागाकार चुकीच्या आकड्याने केलाय. बारा वर्षांनी भागू नका, इंग्लंड एकूण किती सामने खेळलं त्याने भागा. तेव्हा विश्वचषक नव्हता, पात्रता फेऱ्या नव्हत्या. दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडशी एकेक सामना, झालं वर्षाचं काम. १९०२ ते १९१४ म्हणजे तेरा हंगाम गुणिले तीन, ३९ सामने. त्यात भर फक्त दोन उन्हाळी दौऱ्यांची. जून १९०८ मध्ये ऑस्ट्रियाशी दोन, हंगेरीशी एक, बोहेमियाशी एक असे चार, आणि १९०९ च्या मे-जूनमध्ये हंगेरीशी दोन आणि ऑस्ट्रियाशी एक असे तीन. एकूण ४६.

त्या ४६ पैकी ४१ तो खेळला. परदेशातले सातही, आणि आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडविरुद्धच्या ३९ पैकी ३४. वर्षवार मांडणी अशी:

१९०२: ३
१९०३: २ (आयर्लंडचा नाही)
१९०४: ३
१९०५: ०
१९०६: ३
१९०७: ३
१९०८: ७
१९०९: ६
१९१०: २ (पुन्हा आयर्लंडचा नाही)
१९११ ते १९१४: दरवर्षी ३

१९०५ साठी 'दुखापत' लिहू नका. संघ एफएची (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची) निवड समिती मतं टाकून निवडायची. इंग्लंडला मॅनेजर मिळाला थेट १९४६ मध्ये. अॅस्टन व्हिलाचा हॉवर्ड स्पेन्सर हा त्याच जागेचा तोलामोलाचा खेळाडू होता. १९०३ चा आयर्लंडविरुद्धचा सामना आणि १९०५ चे वेल्स व स्कॉटलंडविरुद्धचे सामने त्याला मिळाले. 'निवड झाली नाही' एवढंच लिहा.

विक्रमाबद्दल: स्टीव्ह ब्लूमरच्या २३ कॅप होत्या. १९०८ अखेर क्रॉम्प्टन २१ वर होता. १९०९ च्या वसंतात आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड असे तीन झाले आणि २४ व्या कॅपला तो पुढे गेला. पुढे बिली राइटने १९५२ मध्ये ४२ वी कॅप मिळवून त्याला मागे टाकलं. म्हणजे अंतिम ४१ हा आकडा १९१४ ते १९५२ अशी ३८ वर्षं अबाधित राहिला. बिली राइटसुद्धा बचावातलाच, पण त्याच्या काळात इंग्लंड वर्षाला कितीतरी जास्त सामने खेळायचं, म्हणून शेजारीशेजारी मांडताना वाचकाला सामन्यांची संख्या द्या.

एक खाचखळगा १९०२ चा. ५ एप्रिल १९०२ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात प्रेक्षकांचा लाकडी स्टँड कोसळून २५ माणसं दगावली. सामना १-१ असा पूर्ण खेळवला गेला, पण अधिकृत नोंदीतून काढला, आणि ३ मे ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर परत खेळवला (२-२). एखाद्या जुन्या यादीत त्या वर्षी स्कॉटलंडचे दोन सामने दिसले तर गोंधळू नका. कॅप मेच्या सामन्याची.

आता ५३०. युद्धकाळ त्यात नाही. १९१५ च्या वसंतात लीग थांबली ती १९१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. मधल्या चार हंगामांत लँकेशरमध्ये प्रादेशिक स्पर्धा झाल्या, त्या कुठल्याही क्लबच्या लीग आकडेवारीत धरत नाहीत. आणि हंगाम आजच्या ३८ सामन्यांचे धरू नका:

१८९८ पर्यंत १६ क्लब, ३० सामने
१८९८ ते १९०५, १८ क्लब, ३४ सामने
१९०५ ते १९१५, २० क्लब, ३८ सामने
१९१९ पासून २२ क्लब, ४२ सामने

१८९६-९७ ते १९१९-२० मधले प्रत्यक्ष झालेले हंगाम मोजले तर रोव्हर्सचे लीग सामने ७२० होतात. पहिल्या हंगामात तो कोवळा सतरा वर्षांचा, शेवटचा हंगाम चाळिशीत आणि अर्धवट. शिवाय स्कॉटलंडविरुद्धचा सामना शनिवारी असायचा आणि त्या शनिवारी लीग थांबत नसे. इंग्लंडकडून खेळला की रोव्हर्सचा तेवढा सामना बुडाला. वेल्सचा सामना बऱ्याचदा सोमवारी असायचा, त्यामुळे रोव्हर्सचा शनिवारचा सामना पदरात पडायचा. क्रॉम्प्टनची पहिली कॅप, ३ मार्च १९०२, रेक्सहॅम, वेल्सविरुद्ध ०-०, हा सोमवारच होता. हे सगळं वजा केलं की ५३० चं वजन कळतं.

---

तीनचा-नियम

दुसरा प्रश्न. माहितीचौकटीत 'उजवा फुलबॅक' लिहा, 'राइट बॅक' नको आणि 'विंग बॅक' तर अजिबात नको. कारण सांगतो, थोडं लांबेल.

तेव्हाची मांडणी २-३-५. गोलकीपरच्या पुढे फक्त दोन फुलबॅक. त्यांच्यापुढे तीन हाफबॅक, आणि मग पाच फॉरवर्ड. समोरच्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डला) धरायचं काम साधारणपणे उजव्या आणि डाव्या हाफबॅकचं, आतल्या फॉरवर्डना अडवायचं काम दोन फुलबॅकचं. म्हणजे क्रॉम्प्टन नावाला उजवा असला तरी आजच्या भाषेत तो उजव्या बाजूच्या सेंट्रल डिफेंडरच्या जवळ जातो. ही विभागणी क्लबगणिक बदलायची, त्यामुळे लेखात ती कायद्यासारखी लिहू नका.

त्याच कारणाने आणखी एक चूक टाळा. त्या काळचा 'सेंटर हाफ' बचावपटूंत मोडत नाही. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली रॉबर्ट्स (१९०४ ते १९१३) घ्या. आजचे डेटाबेस त्याला 'डिफेंडर' खात्यात टाकतात, पण तो मैदानाच्या मधोमध खेळून चेंडू पुढे वाटायचा. आपल्याकडे ज्याला स्टॉपर म्हणतात तो प्रकार १९२५ नंतर रूढ झाला.

१९२५ का? ऑफसाइडमुळे. क्रॉम्प्टनची अख्खी कारकीर्द तीन खेळाडूंच्या नियमाखाली गेली. चेंडू खेळला जाताना पुढच्या फॉरवर्डच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरोधी संघाचे किमान तीन जण हवेत. तिसऱ्याच्या बरोबरीत उभा असला तरी ऑफसाइड.

आकड्यांनी बघा. गोलकीपर रेषेवर आहे. डावा बॅक गोलपासून २० यार्डांवर, उजवा बॅक ४० यार्डांवर, बाकी सगळे त्याच्याही पुढे. गोलकडून मोजत या: कीपर एक, डावा बॅक दोन, उजवा बॅक तीन. ऑफसाइडची रेषा ४० यार्डांवर पडली. आजच्या दोनच्या नियमात तीच रेषा २० यार्डांवर असती. म्हणजे तेव्हा एकट्या बॅकने चार पावलं पुढे टाकली की सापळा लागायचा, म्हणजे समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड ठरायचा, आणि दुसरा बॅक मागे राखणीला उभाच. चुकलं तरी विमा उतरवलेला! आजच्या बचावफळीला सापळा लावायचा तर सगळ्यांना एकदम पुढे यावं लागतं, आणि फसलं तर मागे फक्त कीपर.

म्हणून त्या काळच्या फुलबॅक जोडीत कोणी पुढे जायचं आणि कोणी मागे थांबायचं हा समज सगळ्यात महत्त्वाचा. क्रॉम्प्टनची जोडी वेस्ट ब्रॉमविचच्या जेसी पेनिंग्टनशी. पेनिंग्टनच्या एकूण २५ कॅप, त्यातल्या युद्धाआधीच्या सगळ्या २३ सामन्यांत दुसऱ्या बाजूला क्रॉम्प्टनच होता. वर्षाला तीन सामन्यांच्या जमान्यात २३ वेळा तीच जोडी, हे लेखात यायलाच हवं.

सापळ्याचा कळस केला न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने. तो बेलफास्टचा, आयर्लंडकडून खेळायचा, १९०४ ते १९२३ न्यूकॅसलला. खेळ मधल्या पट्ट्यात इतका अडकायचा की प्रेक्षक वैतागायचे. त्याला एकट्याला दोष देण्याची प्रथा आहे, पण शेवटी शेवटी बहुतेक क्लब तेच करत होते. जून १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले. पहिल्या विभागात १९२४-२५ ला ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत १७०३. दर सामन्याला २.५८ वरून ३.६९. क्रॉम्प्टनच्या काळातले 'कमी गोल खाल्ले' हे आकडे वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

---

कोपरा-झेंडा

हिशेबनीस, ४६ पैकी ४१ हे वाक्य तसंच उचलतो.

तीनचा-नियम, एक शंका. सापळा एवढा सोपा होता तर गोल व्हायचेच कसे? आणि कीपर पुढे आला तर मोजणीचं काय?

---

तीनचा-नियम

कीपरचं आधी. नियमात कीपरला वेगळी जागा नाही, तो तिघांतला एक. तो बॅकच्याही पुढे धावत गेला तर दोन बॅक हे पहिले दोन झाले आणि तिसरा कीपर किंवा एखादा हाफबॅक. रेषा आणखी पुढे सरकली, पण गोल मोकळा. आणि १९१२ पर्यंत कीपर स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकायचा, त्यामुळे तो पुढे येणं आजच्यापेक्षा सर्रास होतं. १९१२ नंतर हात फक्त पेनल्टी क्षेत्रात.

सापळा फसायचा तो असा:

एक, पास नाही तर ड्रिबल. चेंडू ज्याच्या पायात तो ऑफसाइड होत नाही. पुढे आलेल्या बॅकला त्याने चकवलं की समोर एकच बॅक उरतो. त्या काळी ड्रिबल करणाऱ्या इनसाइड फॉरवर्डला भाव होता तो यामुळेसुद्धा.

दोन, चेंडूच्या मागून येणारा ऑफसाइड नाही. विंगर गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू मागे ओढायचा, आणि तिन्ही आतले फॉरवर्ड समोरून धावत यायचे. याला सापळ्यात उत्तरच नाही. म्हणून हाफबॅकने विंगरला रेषेपर्यंत जाऊ न देणं हा फुलबॅकच्या खेळाचा अर्धा पाया.

तीन, पाऊल उशिरा पडणं. निर्णय चेंडू मारला त्या क्षणाचा असतो. बॅक अर्धा सेकंद उशिरा पुढे सरकला तर फॉरवर्ड नियमात, आणि बॅक मात्र चुकीच्या दिशेला तोंड करून उभा.

१९०७ पर्यंत तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातसुद्धा ऑफसाइड लागायचं. म्हणजे बॅक मध्यरेषेच्या पलीकडे जाऊनही सापळा लावू शकायचा. १९०७ ला ते बंद झालं. क्रॉम्प्टन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, त्याला आपला खेळ अर्ध्यात बदलावा लागला असणार.

आणि सापळा म्हणजे सगळं नव्हे. फुलबॅकचं रोजचं काम दोन गोष्टींचं. पहिली, खांद्याला खांदा भिडवून फॉरवर्डला चेंडूवरून हटवणं. ते कायदेशीर होतं, आणि आजच्यापेक्षा खूप जास्त चालायचं. कीपरच्या हातात चेंडू असताना त्यालाही धक्का देता यायचा, त्यामुळे आपल्या कीपरपुढे आडवं उभं राहणं हीसुद्धा बॅकची जबाबदारी. दुसरी, लांब किक. चेंडू सुरुवातीला १३ ते १५ औंसांचा, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. पण कातडं पाणी शोषणारं, वर दोरीची शिवण. लँकेशरच्या पावसात अर्ध्या तासात तो पाणी पिऊन जड व्हायचा. असा चेंडू चिखलातून उचलून चाळीस-पन्नास यार्ड लांब आणि तोही आपल्या विंगरकडे मारणं, यात बॅकची पारख व्हायची. जुन्या वार्तांकनात बॅकच्या 'किकिंग'चं कौतुक दिसतं ते याचं. 'चेंडू बाहेर भिरकावला' असा अर्थ लावू नका.

---

खलाशी

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. 'क्लबनिष्ठा' काढून टाका.

तेव्हा नोंदणीची मालकी क्लबकडे असायची. हंगाम एप्रिलअखेर संपला की क्लब यादी काढायचा: हे राखले, हे विकायला. राखलेल्या खेळाडूने नवा करार नाकारला तरी लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून तो खेळू शकत नसे. करार संपला तरी सुटका नाही. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगाबी या खेळाडूने खेळाडूंच्या संघटनेच्या पाठिंब्याने अॅस्टन व्हिलाला कोर्टात खेचलं आणि हरला. संघटना त्या खर्चाने खिळखिळी झाली.

बरं, जाऊन मिळणार काय? १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड, ब्लॅकबर्न असो वा लंडन. सामना जिंकल्याचा बोनसही बंद. १९१० ला मर्यादा टप्प्याटप्प्याने ५ पौंडांपर्यंत नेली, तीही जुन्या खेळाडूंसाठी. कुशल कामगाराच्या मानाने ४ पौंड वाईट नव्हते, साधारण दुप्पट. पण दुसरा क्लब त्याहून एक पेनीही नियमाने जास्त देऊ शकत नव्हता. उलट पाच वर्षं एका क्लबात काढली की बेनिफिट सामना (ज्याचं उत्पन्न खेळाडूला मिळतं तो) मिळण्याची आशा, ती क्लब बदलला की गेली. आणि क्रॉम्प्टनच्या हाती प्लंबिंगचा धंदा, तो ब्लॅकबर्नमध्येच. मोटारगाडी बाळगणाऱ्या पहिल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंत त्याचं नाव घेतात. ती गाडी नुसत्या ४ पौंडांवर आली असेल असं वाटत नाही.

---

हिशेबनीस

खलाशी, नियम बरोबर मांडलेत, निष्कर्ष जरा ताणलाय. नोंदणी क्लबकडे होती म्हणून खेळाडू हलत नव्हते असं नाही. १९०५ मध्ये अल्फ कॉमन संडरलंडहून मिडल्सबरोला १००० पौंडांना गेला. खुद्द चार्ली रॉबर्ट्सला युनायटेडने १९१३ मध्ये ओल्डहॅमला १५०० पौंडांना विकला. आणि रोव्हर्स तर विकत घेण्यात सगळ्यांच्या पुढे होते. अध्यक्ष लॉरेन्स कॉटन, सूतगिरणीचे मालक (आडनाव खरंच तेच आहे). जॉक सिम्पसन १९११ ला फॉलकर्कहून १८०० पौंड, डॅनी शे १९१३ ला वेस्ट हॅमहून २००० पौंड, पर्सी डॉसन १९१४ ला हार्ट्सहून २५०० पौंड. लीगची दोन विजेतेपदं याच खरेदीच्या काळात आली.

त्यामुळे 'खेळाडू अडकला होता' हेही अर्धंच. क्लबला तो हवा होता, क्लबकडे पैसा होता, शहर त्याचं होतं. 'सगळी कारकीर्द जन्मगावच्या क्लबात' इतकं लिहा, विशेषण नको.

---

खलाशी

मान्य. 'जन्मगावच्या क्लबात' उत्तम.

अवांतर: जोडीदार पेनिंग्टनवर वेगळा लेख कराच. नोव्हेंबर १९१३ मध्ये एव्हर्टनविरुद्धचा सामना वेस्ट ब्रॉमविचने जिंकू नये म्हणून पास्को बायोलेटी नावाच्या माणसाने त्याला ५५ पौंड देऊ केले, अकरा जणांना प्रत्येकी ५. पेनिंग्टनने होकार दिल्याचं दाखवलं आणि क्लबला व पोलिसांना कळवलं. सामना १-१ सुटला. पैसे द्यायला आलेला माणूस पकडला गेला, पाच महिने कैद झाली. प्रत्येकी ५ पौंड म्हणजे जुन्या खेळाडूचा एका आठवड्याचा कमाल पगार, हे गणित वर दिलेल्या १९१० नंतरच्या ५ पौंडांच्या मर्यादेशेजारी ठेवून बघा. पुढे १९१९-२० ला हाच पेनिंग्टन छत्तिसाव्या वर्षी लीग विजेत्या संघाचा कर्णधार होता.

---

बांधीव-खंड

कुठल्या कागदांवरून पडताळायचं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडं.

सामन्यांसाठी ब्लॅकबर्नचं सायंदैनिक नॉर्दर्न डेली टेलिग्राफ आणि मँचेस्टरहून सोमवारी निघणारं अॅथलेटिक न्यूज ही दोन वृत्तपत्रं धरा. शनिवारी संध्याकाळच्या अंकातली संघयादी विश्वासाची नसते. ती सामन्याआधी जुळवलेली असायची, ऐन वेळी बदल झाला तर तशीच छापली जायची. सोमवारची यादी प्रमाण. त्या याद्या २-३-५ च्या क्रमाने असतात: गोलकीपर, मग बॅक (उजवा आधी), मग हाफबॅक, मग फॉरवर्ड उजवीकडून डावीकडे. शर्टावर नंबर नव्हते. लीगमध्ये ते सक्तीने आले १९३९ ला. म्हणून 'नं. २ ची जर्सी' असं वाक्य क्रॉम्प्टनच्या लेखात चालणार नाही. बदली खेळाडूही नव्हते, त्यामुळे 'सामने' आणि 'सुरुवातीपासूनचे सामने' असे दोन रकाने करू नका. बॅक जखमी झाला तर उरलेले दहा जण खेळायचे, किंवा तोच लंगडत विंगवर जाऊन उभा राहायचा. असं झालं तर वार्ताहर ते लिहितो, आणि त्या दिवशी जास्त गोल का खाल्ले ते तिथे सापडतं.

जन्मनोंद शोधताना: इंग्लंडची सूची तिमाहीवार आहे आणि जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. २६ सप्टेंबरचा जन्म जुलै-सप्टेंबरच्या सूचीत न सापडता ऑक्टोबर-डिसेंबरच्या सूचीत सापडू शकतो. दोन्ही बघा. १८८१, १८९१, १९०१ आणि १९११ च्या जनगणना उपलब्ध आहेत. १९११ चा अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला असतो, त्यामुळे 'व्यवसाय' रकान्यात तो स्वतःला काय म्हणवत होता ते दिसतं. फुटबॉलपटू आपला मूळ धंदा लिहितात असं बऱ्याचदा आढळतं.

आणखी एक सापळा, ऑफसाइडचा नव्हे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक इंग्लंडच्या हौशी संघाचं आहे, व्यावसायिकांना तिथे प्रवेशच नव्हता. त्या संघाचे सामने वेगळे मोजतात. लीग-विरुद्ध-लीग निवड सामने आणि १९१९ चे (महायुद्ध संपल्यावर झालेले) 'विजय' सामने हेही कॅपमध्ये येत नाहीत. पेनिंग्टनच्या १९२० च्या दोन कॅप मात्र अधिकृत आहेत. त्यातला एक म्हणजे १० एप्रिलला शेफील्डमध्ये स्कॉटलंडविरुद्धचा ५-४.

---

कोपरा-झेंडा

सगळ्यांचे आभार. सुधारून हे टाकतोय, कुठे घसरलो असेन तर सांगा:

'रॉबर्ट क्रॉम्प्टन (२६ सप्टेंबर १८७९, ब्लॅकबर्न – १५ मार्च १९४१) हा इंग्लंडचा उजवा फुलबॅक. सगळी कारकीर्द जन्मगावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये, लीगचे ५३० सामने. १९०२ ते १९१४ या काळात इंग्लंडने खेळलेल्या ४६ अधिकृत सामन्यांपैकी ४१ मध्ये सहभाग, २२ वेळा कर्णधार. सन्मान: पहिला विभाग १९११-१२ (४९ गुण), १९१३-१४ (५१ गुण); एफए कप १९२८.'

सामन्यांच्या तक्त्यात विरोधी संघांचे झेंडे लावले आहेत: स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया.

---

हिशेबनीस

दोन दुरुस्त्या.

एफए कप खेळाडूच्या खात्यात टाकू नका. खेळाडू म्हणून तो अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच नाही. १९११ ला उपांत्य फेरीत ब्रॅडफर्ड सिटीकडून ३-० हार, १९१२ ला वेस्ट ब्रॉमविचशी ०-० आणि मग फेरसामन्यात १-० हार. म्हणजे त्या वर्षी वाट अडवणाऱ्या संघात पेनिंग्टन होता. १९२८ चा कप (वेम्ब्लीला हडर्सफील्डवर ३-१) त्याने रोव्हर्सचा मॅनेजर म्हणून जिंकला. 'मॅनेजर' असा वेगळा रकाना करून तिथे हा कप आणि १९३८-३९ चं दुसऱ्या विभागाचं विजेतेपद घाला. मधे १९३५-३६ ला तो बोर्नमथलाही मॅनेजर होता, तेही तिथेच. मृत्यूच्या ओळीत जोडा: ब्लॅकबर्न-बर्नली सामन्याच्या दिवशी हृदयविकाराचा झटका.

झेंडे. 'उत्तर आयर्लंड' नको. १९२१ आधी अखंड आयर्लंडचा एकच संघ होता, बेलफास्टच्या आयरिश एफएचा. तिथे 'आयर्लंड' लिहा आणि त्या काळचा झेंडा घ्या. ऑस्ट्रिया आणि हंगेरी एका साम्राज्यात असले तरी त्यांचे संघ वेगळे होते, ते ठीक. पण १३ जून १९०८ ला प्रागमध्ये ४-० हरलेला संघ बोहेमियाचा. चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला १९१८ ला.